तिसरं रीळ

चांगला सिनेमा नाही तो. आधीच सांगून ठेवतो,
उगाच नंतर तुमचा हिरमोड नको.
कासेलच्या हॉलमध्ये, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी,
जुन्या रिळांच्या डब्यांची टेबलं लागतात
तेव्हा आम्ही सातजण सोडून
'दीड खोलीतलं लग्न' कुणी मागत नाही.
सातांतला एक ग्योटिंगनचा दातांचा डॉक्टर,
एक निवृत्त ट्राम-तपासनीस, तो मी.
बाकीच्यांची नावं विचारू नका,
आमच्यात तसं ठरलंय.

गोष्ट एवढीशी.
अठ्ठेचाळीस साल. घरवाटप कचेरीतला कारकून
एकाच दीड खोलीच्या दोन चिठ्ठ्या फाडतो.
एक शिंपी, एक विधवा, मधे कपाट.
अलीकडे त्याचं राज्य, पलीकडे तिचं,
आणि चूल नेमकी सरहद्दीवर.
पुढचं तुम्हाला कळलंच.
तेव्हाच्या प्रेक्षकांनाही कळलं होतं, दहाव्या मिनिटाला.
विनोद शिळ्या पावासारखे,
कशात तरी बुडवल्याशिवाय चावत नाहीत.
नऊ दिवस चालला.
त्याच आठवड्यात जुनं चलन बाद झालं,
माणशी चाळीस नवे मार्क हातात आले
आणि लोकांनी लोणी घेतलं.
बरोबरच केलं.

पण दुसऱ्या रिळात ती विधवा रोज सकाळी
खिडकीची काच पुसते.
वाफ सोडते, फडका फिरवते,
कोपऱ्यातला डाग नखाने खरवडते.
खिडकीला काच नाही.
सिनेमाभर कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.
आणि चौकटीपलीकडचा रस्ता सेटवरचा नाही:
खऱ्या विटांचे ढीग, खरी धूळ,
हातगाडी ओढणारी एक बाई मधेच थांबून
आपल्याकडे बघते. चार सेकंद.
शहाण्णव चौकटी. मी मोजल्यात. डॉक्टरनेही मोजल्यात.
त्याच्या मोजणीत सत्त्याण्णव भरतात,
त्यावरून आम्ही दोन वर्षं बोलत नव्हतो.

पाचांपैकी चार रिळं माझ्याकडे.
तिसरं ब्रेमरहाफेनला, इर्मट्राउड क्योपेल बाईंच्या फडताळात,
चेरीच्या मुरंब्याच्या बरण्यांमागे.
त्यांचे वडील गावोगाव व्हॅनमधून सिनेमे दाखवायचे;
कुणाच्या तरी उधारीपोटी हे एक रीळ घरी राहिलं.
अठरा वर्षं मी पत्रं लिहिली.
विकणार नाही, असं दर नाताळला उत्तर यायचं, सुवाच्य अक्षरात.
यंदा एक ओळ जास्त होती:
बघायला या. माझे डोळे जाण्याआधी.

डबा उघडला तर व्हिनेगरचा भपकारा.
फिल्म आकसलेली, कडा वळलेल्या,
यंत्रात घातली असती तर तुकडे पडले असते.
मग स्वयंपाकघरातल्या दिव्यापुढे धरून
आम्ही ती हाताने वाचली,
एकच भिंग, आळीपाळीने.

लग्नाची पंगत. तीन मजली केक. भोवती सहा मुलं.
"डावीकडून तिसरी, फीत बांधलेली, ती मी.
केक प्लास्टरचा होता.
पडला की हसायचं, एवढंच सांगितलं होतं आम्हाला.
एकेकाला दोन बटाटे मिळणार होते."
केक पडतो. म्हणजे एका चौकटीत टेबलावर,
पुढच्या कितीतरी चौकटींत हवेत,
मग जमिनीवर.
"आता तो कडेचा मुलगा बघा."
वाकलेला. हात खाली. हात तोंडाशी.
मी फिल्म सरकवत राहिलो,
थुंकेल म्हणून.
वीतभर सरकवली, हातभर सरकवली.

"वाल्डेमार. आमच्याच जिन्यातला.
गोड होतं म्हणाला."
त्यांनी भिंग पुसलं.
"महिनाभर माझं भांडण चालू होतं त्याच्याशी,
एकट्याने खाल्लं म्हणून."

मी किंमत विचारली नाही.
कॉफी झाली. मुरंब्याची एक बरणी मिळाली.
परतीच्या गाडीत बोटांना तो आंबट वास,
समोरची मुलगी जागा बदलून बसली.

रात्री डॉक्टरचा फोन.
"काय आहे तिसऱ्यात?"
म्हटलं, केक पडतो.
"आणि? हसू येतं का?"
म्हटलं, पाच मुलं हसतात.